दीड सेंटीमीटर मागे

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका दुकानात दोन तास बसून मी ११० फोटो काढले. तानपुऱ्याची जवारी लावायचं, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवायचं काम चालू होतं. कारागीर वयस्कर, गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणतात. भोपळा मांडीशी टेकवलेला, हातात बारीक कानस. घोडीवरून दोन-तीन हलके हात फिरवायचे, तार चढवायची, छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं आणि पुन्हा तार सैल करायची. व्ह्यूफाइंडरमधून मला घोडीची कड, तिच्यावरच्या चार तारा, कानशीचे दात असं सगळं लख्ख दिसत होतं. रात्री घरी कॉम्प्युटरवर फोटो उघडले. घोडी नेमकी आलेले फोटो निघाले नऊ. बाकीच्यांत कुठे मागे चाचांच्या सदऱ्याचं बटण स्पष्ट, कुठे अलीकडचे मणी स्पष्ट आणि घोडी साबणाच्या पाण्यातून पाहावी तशी.

तिथून पुढचे पाच महिने मी या एका गोष्टीमागे होतो. जुनी मॅन्युअल लेन्स डिजिटल एसएलआरवर लावून फोकस नेमका कसा साधायचा, हे शिकताना जे कळलं ते लिहितो आहे. अशा लेन्सा घराघरांत कपाटात पडून आहेत, आणि चार फोटो बिघडले की त्या पुन्हा कपाटात जातात. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझी लेन्स मामांची. हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटर, एफ/२. मामांनी ऐंशीच्या दशकात झेनिट-ई कॅमेऱ्यावर हिच्यातून लग्नं काढली. ही सोव्हिएत लेन्स जर्मनीतल्या झाइसच्या युद्धापूर्वीच्या बायोटारच्या घडणीवर बेतलेली आहे, आणि इतकी बनली की आजही जुन्या बाजारात सहज सापडते. पूर्ण धातूची, जड. हिला दोन अपर्चर कडी असतात, म्हणजे भिंगाचं तोंड लहानमोठं करणारी; एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. एका कड्यावर आकडा ठरवायचा. दुसरं कडं मोकळं फिरतं, एका टोकाला भिंग पूर्ण उघडं, दुसऱ्या टोकाला ठरवलेल्या आकड्याला येऊन अडतं. मामा म्हणाले होते, “उघडून फोकस कर, मिटून फोटो काढ. बोट कड्यावरून काढायचंच नाही.” तेव्हा ते वाक्य मी फक्त ऐकून घेतलं.

कॅमेरा कॅननचा ६०डी. लेन्सला एम४२चे, म्हणजे ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे, म्हणून मध्ये अडॅप्टर लागतो. एम४२ लेन्सची बैठक फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर असते, कॅननची ४४ वर. उरलेल्या दीडेक मिलिमीटरमध्ये अडॅप्टरची चकती बसते आणि लेन्स अनंतापर्यंत फोकस होते. निकॉनची बैठक ४६.५ मिलिमीटरवर असल्यामुळे तिथे ही सोय होत नाही. मधे जादा भिंग घालावं लागतं, नाहीतर लांबचं काही स्पष्ट येत नाही.

त्या ११० फोटोंनंतर मी पहिला संशय घेतला तो या चकतीचा. स्वस्तातली होती, तेव्हा हिचीच जाडी चुकीची असणार असं वाटून दुसरी मागवली. फरक शून्य. मग कागदावर आकृती काढल्यावर उमगलं की फरक पडणारच नव्हता. चकती जाड-पातळ असेल तर लेन्सवरचे अंतराचे आकडे चुकतील, अनंत हुकेल. पण लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर स्क्रीनवर, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधलं चित्र जिच्यावर उमटतं त्या खरखरीत प्लास्टिकवर जातो तेव्हाही त्याच चकतीतून जातो, आणि आरसा उचलल्यावर सेन्सरवर पडतो तेव्हाही त्याच. व्ह्यूफाइंडरमध्ये एक दिसतं आणि फोटोत दुसरं येतं, याचं कारण चकतीत असू शकत नाही. ते चकतीच्या मागे, कॅमेऱ्यात असतं किंवा आपल्या डोळ्यात.

डोळ्याची बाजू आधी मोकळी केली. व्ह्यूफाइंडरच्या काचेशेजारी एक छोटं चाक असतं, डायऑप्टरचं, आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे जुळवायचं. मी ते कधी हात लावून पाहिलं नव्हतं. ते लावायची रीत अशी: लेन्स आभाळाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे करायची, फोकस पार बिघडवून टाकायचा, आणि समोरचं दृश्य न पाहता स्क्रीनवर कोरलेले फोकस पॉइंटचे चौकोन पाहायचे. चाक फिरवून त्यांच्या रेषा जास्तीत जास्त धारदार करायच्या. दृश्य पाहून चाक फिरवलं तर आपण लेन्सची चूक चाकाने झाकतो. चष्मा घालूनच फोटो काढणार असाल तर चष्म्यासह लावा. माझं चाक दोन घरं सरकलेलं निघालं. फोटो थोडे सुधारले, पण थोडेच.

मग एका दुपारी मामांची ती दोन कडी कामाला आली. खिडकीशी बसून व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि मोकळं कडं एफ/२ वरून हळूहळू मिटत गेलो. भिंग मिटलं की दृश्य अंधारायला हवं. एफ/२.८ येईपर्यंत जवळजवळ काहीच झालं नाही. उजेड तेवढाच, मागच्या कुंडीचा धूसरपणाही तेवढाच. एफ/४ कडे जाताना कुठे दृश्य काळवंडायला लागलं. मी पुन्हा पुन्हा केलं, दर वेळी तेच.

याचा अर्थ साधा आहे. ऑटोफोकस एसएलआर कॅमेऱ्यांच्या स्क्रीन झूम लेन्सांसाठी बनवलेल्या असतात. एफ/५.६ च्या लेन्समधूनही दृश्य उजळ दिसावं म्हणून त्यांचा पृष्ठभाग प्रकाश फार पसरू देत नाही. त्याची किंमत अशी की भिंगाच्या कडेकडून येणारे तिरपे किरण डोळ्यापर्यंत पोचतच नाहीत. लेन्स एफ/२ ची असली तरी डोळ्याला दिसतं ते एफ/२.८ च्या आसपासचं चित्र. सेन्सर मात्र पूर्ण एफ/२ घेतो. म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये जेवढी जागा स्पष्ट दिसते, त्याहून फोटोत खूपच कमी जागा स्पष्ट येते. ऑटोफोकसवाल्याला हे कधी खटकत नाही, कारण त्याच्यासाठी फोकस ठरवणारा भाग वेगळाच असतो. डोळ्याने फोकस करणाऱ्याला मात्र खऱ्याहून रुंद पट्टा दाखवला जातो आणि त्यातला मध्य शोधायला सांगितलं जातं.

तो पट्टा फोटोत किती अरुंद असतो, याचा हिशोब मांडून पाहिला. ६०डीच्या सेन्सरवर ही लेन्स एफ/२ ला, एक मीटरवर, साधारण दोन सेंटीमीटर जागा स्पष्ट ठेवते. माणूस समोर बघत असेल तर नाकाचं टोक आणि डोळा यांतलं अंतर याहून जास्त. साठ सेंटीमीटरवर, म्हणजे मी चाचांच्या घोडीपासून जिथे बसलो होतो तिथे, उरतात सात-आठ मिलिमीटर. दम घेताना माझी मान त्याहून जास्त हलत होती.

यानंतर मी एक चाचणी बसवली, आणि सगळ्यांत जास्त तिनेच शिकवलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर शाळेची ३० सेंटीमीटरची पट्टी कॅमेऱ्यापासून लांब जाईल अशी ठेवली, कॅमेरा ट्रायपॉडवर, पट्टीकडे ४५ अंशांत झुकलेला. पट्टीच्या १५ च्या आकड्याशेजारी खडूचा उभा तुकडा. व्ह्यूफाइंडरमधून खडूवर फोकस करायचा, फोटो काढायचा, लेन्सचं कडं पार बिघडवायचं, पुन्हा फोकस करायचा. असं २० वेळा. मग मोठा करून प्रत्येक फोटोत पट्टीवरचा कुठला आकडा सर्वांत धारदार आहे ते वहीत लिहायचं.

चुका कुठल्या बाजूला होतात ते बघायचं असतं. थोड्या पुढे, थोड्या मागे अशा विखुरलेल्या असतील तर डोळ्याला नेमका क्षण दिसतच नाहीये. सगळ्या एकाच बाजूला आणि जवळजवळ एकाच जागी असतील तर डोळा बरोबर आहे, कॅमेऱ्याचं माप चुकलंय. दोन आजार आहेत आणि दोघांची औषधं वेगळी. माझे २० आकडे १३ पासून १७.५ पर्यंत कसेही पसरले होते. त्या दिवशी रात्री मी हातावर चिडणं सोडून दिलं. मला दिसतच नव्हतं.

लाइव्ह व्ह्यूवर तीच चाचणी केली तर २० पैकी १९ फोटो खडूवर नेमके. साहजिकच आहे, आरसा वर उचललेला, मागच्या पडद्यावर सेन्सरचंच चित्र, आणि दहापट मोठं करून बघता येतं. दोन वेगळ्या वाटा उरतच नाहीत. वस्तू हलत नसेल आणि ट्रायपॉड असेल तर याच्याइतकी खात्रीची पद्धत नाही. फुलं, मूर्ती, दागिने, जुनी कागदपत्रं यांसाठी मी आजही दुसरं काही करत नाही. पण हातात कॅमेरा धरून दहापट मोठं केलं की चित्र होडीसारखं डुलतं, उन्हात पडदा दिसत नाही, आणि कॅमेरा कपाळाला टेकलेला नसल्यामुळे हात लांब होतात, शरीर पुढेमागे होतं. चाचांच्या दुकानात ट्रायपॉड उघडायला जागा नव्हती, आणि कानस थांबायची नाही.

मग चिप असलेला अडॅप्टर घेतला. त्या चिपमुळे कॅमेऱ्याला वाटतं की ओळखीची लेन्स लागली आहे. शटरचं बटण अर्धं दाबून कडं फिरवायचं, फोकस जुळला की मधला पॉइंट लाल चमकतो आणि पीप वाजतो. अंधुक उजेडात याचा फार आधार होतो. मात्र दिवा एका ठिपक्यावर लागत नाही, एका पट्ट्यावर लागतो. जवळून लांब जाताना तो जिथे लागतो आणि लांबून जवळ येताना जिथे लागतो, त्या दोन जागा वेगळ्या आहेत. मी दिवा लागताच थांबायचो म्हणून कधी अलीकडे, कधी पलीकडे जायचो. आता दिवा लागल्यापासून विझेपर्यंत कडं फिरवतो आणि अंदाजाने मधोमध परत येतो. शिवाय हा दिवा ज्यावर ठरतो तो फोकसचा भाग आरशाच्या खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी असतो. त्याचा प्रकाश वेगळ्या वाटेने येतो, तेव्हा त्याचं माप वेगळं चुकलेलं असू शकतं. सेन्सर, स्क्रीन आणि हा भाग, तिघांचं एकमत असायला लागतं.

खरी सुधारणा स्क्रीन बदलल्यावर झाली. ६०डीची स्क्रीन बदलता येते. कॅननची स्वतःची एफ/२.८ आणि त्याहून उजळ लेन्सांसाठीची खास मॅट स्क्रीन होती. मला मात्र मामांच्या पिढीच्या कॅमेऱ्यांत असायची तशी मधे दुभंगणारं वर्तुळ असलेली स्क्रीन हवी होती. ती दुसरंच कुणीतरी कापून विकतं. मागवली, आणि भीतीपोटी एका दुकानात बसवून घेतली. तिथे स्क्रीनला अंगठा लागला आणि एका कोपऱ्यात धुरकट डाग कायमचा राहिला. हे प्लास्टिक इतकं नाजूक असतं की पुसायला गेलं की चरे पडतात. त्यानंतर मी कुणाला हात लावू दिला नाही. लेन्स काढायची, कॅमेऱ्याचं तोंड खाली, छोट्या चिमट्याने अडकण सोडायची, स्क्रीन कडेच्या जिभेला धरूनच उचलायची. धूळ उडवायला फुग्याचा पंप, तोंडाने फुंकर कधीच नाही.

नव्या स्क्रीनवर खडूची कड वर्तुळात दुभंगलेली दिसायची आणि कडं फिरवलं की दोन तुकडे सरकत एकमेकांना जोडले जायचे. इतकं स्वच्छ की शंकेला जागाच नाही. २० फोटो काढले आणि वही भरली: १६.४, १६.५, १६.५, १६.६, १६.५. सगळे मागे. सगळे एकाच ठिकाणी, दीड सेंटीमीटर मागे.

मला आनंद झाला. पसारा गेला होता. डोळ्याला आता क्षण दिसत होता, फक्त माप चुकलं होतं, आणि माप दुरुस्त होतं. स्क्रीन आरशापासून सेन्सरइतक्याच अंतरावर असायला हवी. ती जराशी वर बसली की डोळ्याला जवळची वस्तू फोकसमध्ये दिसते आणि सेन्सरवर तिच्या मागची येते. मला हेच होत होतं. किती वर बसली असेल? पट्टी ४५ अंशांत तिरकी, म्हणजे एक मीटरवरचे ते १५ मिलिमीटर खरे साडेदहाच, आणि लेन्सच्या या बाजूला ०.०४ मिलिमीटरच्या आसपास. वहीचा साधा कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो. अर्ध्या कागदाहूनही कमी जाडीने माझा प्रत्येक फोटो हुकत होता.

स्क्रीनच्या वरच्या अंगाला कडेने बसणारी एक पातळ चौकट असते, तिच्यावरच स्क्रीनची उंची ठरते. साधी पारदर्शक चिकटपट्टी ०.०५ मिलिमीटरच्या आसपास जाड असते. ब्लेडने तिचे चार धागे कापले, भिंगाखाली चौकटीच्या चार बाजूंना चिकटवले, टोकं बाहेर येणार नाहीत असे. पहिल्यांदा एक कोपरा दुहेरी झाला, आणि फोटोची डावी बाजू पुढे, उजवी मागे गेली. सगळं सोलून पुन्हा केलं. संध्याकाळचे साडेसात वाजले. २० फोटो काढले. १५.१, १४.९, १५, १५, १५.१.

हे काम मी सगळ्यांना सुचवणार नाही. हात स्थिर नसेल तर जाणत्याकडून करून घ्या, पण आधी आपली चाचणी करून आकडे हातात घेऊन जा. दुभंगणाऱ्या स्क्रीनचे तोटेही आहेत. एफ/५.६ ची, कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स लावली की वर्तुळाचा एक अर्धा भाग काळा पडतो. उजेडाचं माप चुकतं, म्हणून मी पूर्ण मॅन्युअलवर ठेवतो आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख बघतो. आणि वर्तुळाला तुटायला रेघ लागते. दुभंग आडवा असेल तर उभी रेघ हवी. गालावर, कपड्यावर रेघ नसते. तिथे वर्तुळाबाहेरच्या खरखरीत भागात बघावं लागतं. फोकस अगदी जुळतो तेव्हा केसांवर, पापण्यांवर एक क्षण बारीक चमचम उठते. तीच खूण.

ती खूण पकडायला मामांकडे दोन रविवार बसलो. ते स्वतः आता फोटो काढत नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण माझा हात बघून लगेच म्हणाले, “अरे, इतकं हळू फिरवतोस म्हणून चुकतोस.” मी कडं मुंगीच्या पावलाने फिरवत होतो. हळू फिरवलं की डोळा स्वतःच जुळवून घेत जातो आणि धूसरसुद्धा ठीक वाटायला लागतं. जलद फिरवायचं, स्पष्ट जागेच्या पलीकडे जायचं, परत यायचं, पुन्हा थोडं पलीकडे. दोन-तीन हेलकाव्यांत मधली जागा हाताला कळते. “आणि जवळच्या फोटोला कडं सोडून दे. अंतर ठरव नि तू हल,” असंही ते म्हणाले. कोपरे बरगड्यांना टेकवायचे, कडं जिथे आहे तिथे ठेवायचं, कमरेतून हलकेच पुढे झुकायचं आणि चमचम उठली की बटण. श्वास सोडून झाल्यावर, रोखून नव्हे. मी त्या झुकण्यात तीन फोटो सलग घेतो. त्यातला एक तरी लागतो.

ऑगस्टमध्ये पुन्हा मिरजेला गेलो. चाचांकडे दुसरा तानपुरा होता, पंढरपूरकडच्या भोपळ्याचा, अजून पॉलिश न झालेला. जागा तीच, खिडकीचा उजेड तसाच पावसाळी. आयएसओ १६००, शटर १/१२५, अपर्चर एफ/२.८. एफ/२ चा मोह सोडला होता, त्या थोड्या मिटण्याने स्पष्ट जागा साठ सेंटीमीटरवर एक सेंटीमीटर झाली. तारा आडव्या होत्या, म्हणून दुभंग त्यांना छेदेल असा कॅमेरा उभा धरला. तार वर्तुळात तुटायची, मी इंचभर पुढे झुकायचो, तार जुळायची. चाचा घोडी आणि तार यांच्यामधला दोरा नखाने केसभर पुढे सरकवत होते, छेडत होते, पुन्हा मागे घेत होते. मध्येच एकदा आवाज उघडला आणि दुकानातले दोघे जण बोलायचे थांबले.

९६ फोटो काढले. ७१ लागले. त्यातला एक मोठा छापून पुढच्या आठवड्यात नेऊन दिला. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो डोळ्याजवळ धरला, माझ्याकडे न बघता बोटाने एका जागी टेकवून शेजारच्या पोराला म्हणाले, “हे बघ, दोऱ्याचा पीळ दिसतोय.”